चौऱ्याऐंशी टंच

आकडा ऐकून मी खूश झालो होतो. इथूनच सुरुवात करतो, कारण माझी चूक तिथंच झाली आणि तुमची होऊ नये.

मी गलाईवाला. खानापूर तालुक्यातला, सातवी नापास. आमच्याकडची निम्मी गावं देशभर सोनं-चांदी गाळत बसलीत, त्यातला मी एक. सराफांकडून मोडीचे दागिने आणायचे, मुशीत घालून भट्टीवर वितळवायचे, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकून भेसळ काढायची आणि चोख माल परत द्यायचा. लखनौच्या चौकात, सराफ्याच्या मागच्या गल्लीत, सात फुटी खोलीत हे काम मी एकोणचाळीस वर्षं केलं. तेजाबाचा तांबडा धूर वर जायला एक धुराडं होतं. अर्धा धूर त्यातून जायचा, अर्धा माझ्यातून.

खोकला होताच. पण ज्याला खोकला नाही त्याला काम येत नाही, असं आमच्यात म्हणतात. म्हणून मी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नाही. २०१३ ची दिवाळी झाली आणि दुकानाच्या चार पायऱ्या उतरतानाही दम लागायला लागला. चढताना नव्हे, उतरताना. तेव्हा म्हटलं, जरा दाखवून येऊ.

भट्टीवर मूस होती

गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर बसायचे. त्यांनी माझ्या बोटाला कपड्याच्या चिमट्यासारखं काहीतरी लावलं. त्यावर लाल आकडा आला. डॉक्टर म्हणाले, "चौरासी." आणि कपाळाला आठ्या घातल्या.

मला वाटलं, बरं आहे की. आमच्या धंद्यात टंच म्हणजे शंभर भाग मालात चोख धातू किती. चौऱ्याऐंशी टंचाची चांदी म्हणजे काही वाईट माल नाही. पैंजणाला चालते, करगोट्याला चालते. सत्तर वर्षं वापरलेला माल अजून चौऱ्याऐंशी निघतोय म्हणल्यावर मी मनात खूश. डॉक्टर म्हणाले, "बैठिए, मैं पर्चा लिखता हूँ." ते आत गेले आणि मी उठलो. भट्टीवर मूस ठेवून आलो होतो. माल जळाला असता तर सराफाला काय तोंड दाखवणार?

त्यानंतर आठ दिवस मी काम केलं. वर चौऱ्याऐंशीची फुशारकी सगळ्या गल्लीत मिरवली. शेजारचा सराफ म्हणाला सुद्धा, "वाह, इस उमर में चौरासी!" तोही चांदीवालाच. त्यालाही तेवढंच कळत होतं.

नवव्या दिवशी सकाळी दात घासता घासता खाली बसलो आणि उठता येईना. ओठ निळे पडले होते असं माझा पुतण्या दत्ता सांगतो. मला आठवतं ते एवढंच, की रिक्षात मी त्याला विचारत होतो, "दुकानाला कुलूप लावलंस का रे?"

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात एक बाई डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, आवाज मऊ. त्यांनी विचारलं, "चाचाजी, इतने दिन आए क्यों नहीं?"

मी मास्क बाजूला करून म्हणालो, "चौरासी टंच था, मॅडम."

त्यांना कळेना. दत्ताने समजावून सांगितलं. मॅडम आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "ये चाँदी नहीं है, चाचाजी. ये आपके ख़ून की हवा है. यहाँ पंचानवे से नीचे माल वापस."

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. आजाराचं लांबलचक नाव त्यांनी सांगितलं होतं, त्याची भीती नाही वाटली. वाटली ती आकड्याची. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या मालाचा टंच सांगितला. माझ्या मालाचा मला वाचता आला नाही.

तुम्हाला सांगणं एकच. डॉक्टर आकडा सांगतील तेव्हा आकड्यावर उठू नका. "म्हणजे काय?" एवढं विचारा. लाज वाटली तरी विचारा.

मिर्झासाहेब

अकरा दिवस वॉर्डात काढले. पहाटे पाचला झाडूवाली, सहाला सुई, सातला वाफ. नाकावर वाटीसारखं लावतात आणि त्यातून औषधाचा धूर ओढायचा. मला हसू यायचं. धुराने आजारी पडलेल्या माणसाला धुरानेच बरं करतायत.

शेजारच्या खाटेवर मिर्झासाहेब होते, जुने शिंपी, शेरवानी शिवायचे. त्यांनाही दमच. पण माणूस लखनौचा. खोकला आला की आधी माझ्याकडे वळायचे, हात छातीला लावायचे आणि म्हणायचे, "माफ़ कीजिएगा, ज़रा खाँस लूँ?" आता मी काय म्हणणार? नको? मी म्हणायचो, "खाँसिए, खाँसिए." मग ते खोकायचे. झाल्यावर परत, "शुक्रिया."

मी आमच्या पद्धतीने खोकायचो. म्हणजे भिंतीचा पोपडा पडेल असं. एकदा मिर्झासाहेब म्हणाले, "भाई साहब, आप खाँसते भी जल्दी में हैं. कहीं जाना है?"

हे तेव्हा चेष्टेवारी नेलं. पण खरं तेच होतं. मला सगळंच घाईत करायची सवय होती. जेवायला सात मिनिटं. सोनं थांबत नाही, भट्टी थांबत नाही, मग माणसाने कशाला थांबायचं?

मिर्झासाहेब माझ्या आधी दोन दिवस घरी गेले, चालत. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "आहिस्ता."

पुण्याचं तिकीट

मुलगा सुनील पुण्याहून विमानाने आला होता. तो जन्मला लखनौत, वाढला लखनौत. मी मराठीत बोलतो, तो हिंदीत उत्तर देतो. लहानपणापासून असंच आहे. आमचं भांडणही दोन भाषांत होतं.

डिस्चार्ज मिळाला, पण बरोबर ऑक्सिजनचा सिलिंडर दिला. त्या दिवशी तो म्हणाला, "अण्णा, सामान बाँधिए. पुणे चलना है."

"मी कुठं जात नाही."

"यहाँ कौन देखेगा आपको? सिलेंडर कौन बदलेगा?"

"दत्ता आहे. त्याची बायको डबा देते."

"अण्णा, चौथी मंज़िल है, लिफ़्ट है, बाल्कनी है…"

"बाल्कनीत बसून काय करू? लोकांच्या गाड्या मोजू?"

खरं सांगायचं तर मला पुण्याची भीती वाटत होती. मराठी माणूस आणि पुण्याला घाबरतो, हसा खुशाल. पण एकोणचाळीस वर्षं लखनौत राहिल्यावर मी तिथं परका. भाजीवाल्याला 'भैया, ज़रा' करत बसेन. आणि दुसरं म्हणजे कमलची खोली इथं होती.

कमल म्हणजे माझी बायको. चौदा महिन्यांपूर्वी गेली होती. तिची पत्र्याची पेटी, तिचं लोखंडी कपाट, भिंतीवर तिने पेन्सिलीने मारलेल्या गॅसच्या तारखा, सगळं तसंच होतं. मला ते सोडायचं नव्हतं.

मग सुनील ते बोलला. इतके दिवस गिळून ठेवलं होतं त्याने. "माँ के वक़्त भी आपने यही किया था. भट्टी, भट्टी, भट्टी."

 ते खरं होतं. त्या दिवशी दुपारी कमल दुकानाच्या दारात आली होती. म्हणाली, "छातीत भरून आल्यासारखं होतंय हो." मी म्हणालो, "मूस उतरवतो आणि येतो." मूस उतरवली. गेलो. तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

हे इथं लिहितोय, कारण हे न लिहिता बाकीचं लिहिलं तर खोटं होईल.

शेवटी मॅडमनी तोड काढली. त्या म्हणाल्या, जानेवारीच्या अखेरीला चाचाजींना या व्हरांड्यात सहा मिनिटं चालवू. सिलिंडर न लावता, बोटाला चिमटा लावून. आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला नाही तर सिलिंडर काढू आणि ते इथं एकटे राहू शकतात. गेला तर मुलाबरोबर पुण्याला. आणि तोवर दुकानाच्या गल्लीत पाय टाकायचा नाही. धूर नको, धूळ नको. "नदी पर जाइए, चाचाजी. धूप में बैठिए. थोड़ा टहलिए."

सुनील म्हणाला, "मंज़ूर." मीही मान हलवली. दुकान दत्ताकडे दिलं. सुनीलने जाताना मला तसला एक चिमटा घेऊन दिला आणि बजावलं, "रोज़ शाम को फ़ोन करूँगा. नंबर बताना है."

खालच्या अंगाला

कुडिया घाट माझ्या खोलीपासून सायकलरिक्षाने दहा मिनिटं. एकोणचाळीस वर्षांत मी नदीवर एकदाच गेलो होतो. कमल दर हिवाळ्यात म्हणायची, "एकदा नावेत बसवा की मला." मी म्हणायचो, "भट्टी तापलीय." हे उत्तर मी तिला इतक्यांदा दिलं की पुढं पुढं ती माझ्या आधी तेच म्हणायची आणि हसायची. तिला नदीवर एकदाच नेलं. कसं नेलं ते तुम्हाला कळलंच असेल. घाटापासून वरच्या अंगाला स्मशान आहे.

डिसेंबरात पहिल्यांदा गेलो तेव्हा धुकं इतकं होतं की नदी दिसेना, नुसता वल्ह्याचा आवाज. पायऱ्यांवर एक जण शेकोटी करून बसलेला. साठीचा, डोक्याला मफलर, तोंडात तंबाखू. सजीवन त्याचं नाव, नाववाला. माझ्या मागून चाकावरचा छोटा सिलिंडर खडखडत आला तो बघून म्हणाला, "बाबूजी, ये कौन हैं?"

"माझी दुसरी बायको," मी सांगितलं. "नाकाला धरून फिरवते."

तो इतका हसला की तंबाखू थुंकावी लागली. मी शेकोटीच्या धुरापासून लांब उभा राहिलो, खोकलो.  सजीवन उठला, लोटाभर पाणी शेकोटीवर ओतलं. थंडी कसली होती सांगू, आणि हा स्वतःची शेकोटी विझवून हात काखेत घालून बसला. त्यानंतर रोज मी रिक्षातून उतरलो की तो ओरडायचा, "बाबूजी आ गए, आग बुझाओ!" आणि बाकीचे नाववाले मला शिव्या देत आग विझवायचे. आजारात औषधं सगळे देतात. शेकोटी विझवणारा एखादाच.

धुकं वर सरकलं की, अकराच्या सुमाराला, आम्ही निघायचो. पहिल्या दिवशी सजीवनने विचारलं, "ऊपर कि नीचे?"

मी म्हणालो, "खाली."

खालच्या अंगाला गेलं की थोड्या वेळाने लाल पूल येतो. त्याच्या कमानींखालून नाव जाते तेव्हा आत गार अंधार होतो आणि वरून गाड्यांची धडधड. पलीकडे निघालं की ऊन एकदम अंगावर पडतं. उजवीकडे इमामबाड्याचे मनोरे, टेकाडावरची मशीद, भिंतींवर वाळत घातलेल्या रजया. मी या सगळ्याला इतकी वर्षं पाठ करून बसलो होतो. सराफ्यात येणाऱ्या पाहुण्यांना 'इमामबाड़ा उधर है' असं हात करून सांगायचो, तेवढाच संबंध.

आणि सजीवन! हा माणूस नाव चालवतो की झोप काढतो, कळायचं नाही. एक वल्हं मारलं की नाव जाईल तेवढी जाऊ द्यायची. थांबायला आली की दुसरं. मी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "अरे, जरा हात चालव की."

"कहाँ पहुँचना है, बाबूजी?"

"कुठं नाही."

"तो पहुँच गए."

 मी टोपी डोळ्यांवर ओढून पडलो. पाठीला ऊन, खाली पाण्याची चुळुकचुळुक. गोमती हिवाळ्यात वाहते की थांबलीय हे पाण्यावरच्या झेंडूच्या फुलाकडे बघूनच कळतं. फूल सरकत असेल तर वाहते. मी फुलं बघत बसायचो. खंड्या पक्षी दोरीवरून पाण्यात सूर मारायचा, कधी मासा घेऊन यायचा, कधी रिकाम्या चोचीने. रिकामा आला की सजीवन त्याला म्हणायचा, "कोई बात नहीं." डबा उघडायचा. दत्ताच्या बायकोची ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी सजीवनला फार आवडायची. तो मला भाजलेली शकरकंदी द्यायचा. आम्ही रताळं म्हणतो तीच.

संध्याकाळी फोन. "अण्णा, नंबर?" एक्क्याण्णव. ब्याण्णव. एकदा त्र्याण्णव आला तर मी आवाज चढवून सांगितला. पण हे सगळे बसल्या जागचे आकडे. चाललं की धपकन खाली. हे मला ठाऊक होतं, सुनीलला सांगत नव्हतो.

पहिली परीक्षा

जानेवारीच्या अखेरीला सुनील आला. खिशात माझं पुण्याचं तिकीट होतं. हॉस्पिटलचा व्हरांडा लांबलचक, दोन्ही टोकांना खुर्ची. मॅडम घड्याळ घेऊन उभ्या.

मी काय केलं असेल? तुम्ही ओळखलंच. जीव खाऊन चाललो. पोराला दाखवायचं होतं म्हातारा अजून कसा आहे. पहिल्या फेरीत एका वॉर्डबॉयला मागे टाकलं. दुसऱ्या फेरीत स्ट्रेचरला. सुनील ओरडला, "अण्णा, धीरे!" मला वाटलं घाबरला. अजून जोरात गेलो. चौथ्या मिनिटाला डोळ्यांपुढे काजवे. बोटावर त्र्याऐंशी.

मॅडमनी खुर्चीत बसवलं, नळी लावली. दम बसल्यावर म्हणाल्या, "आप भाग क्यों रहे थे?"

"चलने को बोला ना."

"मैंने कहा था कितना चलना है?"

 मग त्यांनी सुनीलकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बेटा, फेफड़े पहले से बेहतर हैं. ये फेफड़ों से नहीं, आदत से फ़ेल हुए हैं. एक महीना और दे दो."

सुनीलने खिशातून तिकीट बाहेर काढलं, उलटसुलट केलं. मग तिकीट खिशात परत ठेवून म्हणाला, "फ़रवरी के आख़िर तक. उसके बाद कोई बहस नहीं." आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन नाक शिंकरलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

वल्ह्याची चाल

दुसऱ्या दिवशी घाटावर मी सजीवनला झालेलं सांगितलं. तो म्हणाला, "आप किनारे-किनारे चलिए, बाबूजी. मैं नाव में साथ चलता हूँ. नाव से आगे निकले तो मैं टोकूँगा."

तसं सुरू झालं. काठावरून मातीची वाट आहे, त्यावरून मी. माझ्या बरोबरीने पाण्यात त्याची नाव. सिलिंडर आता नावेत, सजीवनपुढे बसलेला. एक वल्हं म्हणजे माझी चार पावलं. दोन पावलं श्वास आत, दोन पावलं बाहेर. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या बरोबर आहे, ओठ शीळ घालताना करतात तसे करून सोडा.

पहिले आठ दिवस दर दहा पावलांना ओरडा. "आगे निकल गए!" मी चिडायचो. "तूच मागे पडतोस!" "हम तो यहीं हैं, बाबूजी, आप ही लखनऊ से बाहर जा रहे हैं!" काठावर कपडे बडवणारे धोबी आमची मजा बघायचे. मग तेही सामील झाले. मी जरा पाय उचलला की पाण्यातून सजीवन आणि दगडावरून धोबी, दोन्हीकडून, "आगे निकल गए!" माणसाची इतकी अब्रू कोणी काढली नसेल.

पण एक दिवस ओरडा आला नाही. मी मोहरीच्या एका तुकड्यापाशी पोचलो, पिवळाधमक फुललेला, आणि लक्षात आलं की कोणी काही बोललेलं नाही. सजीवनकडे बघितलं. तो वल्हं मांडीवर ठेवून तंबाखू मळत होता. बोटाला चिमटा लावला. अठ्ठ्याऐंशी. मी तिथंच बांधावर बसून मोहरीची दोन फुलं तोडून खाल्ली. तिखट लागली. फार दिवसांनी कशाची तरी चव लागली.

चालायचो ते खालच्या अंगालाच. सजीवन रोज विचारायचा, ऊपर कि नीचे. मी रोज सांगायचो, नीचे. एकदा म्हणाला, "ऊपर पानी साफ़ है, बाबूजी. चिड़ियाँ भी ज़्यादा." मी खालच्या वाटेला लागलो. त्याने परत सुचवलं नाही. पण विचारणं सोडलं नाही.

दुसरी परीक्षा

फेब्रुवारीचा शेवट. तोच व्हरांडा, त्याच मॅडम, सुनीलच्या खिशात नवं तिकीट. मी उभा राहिलो आणि कानात वल्ह्याचा आवाज आणला. चुळुक. चार पावलं. थांबलं. चुळुक. चार पावलं. वॉर्डबॉय पुढे गेला, जाऊ दिला. स्ट्रेचर पुढे गेलं, जाऊ दिलं. काठी टेकत एक आजीबाई पुढे गेल्या. तेव्हा मात्र जिवावर आलं. पण जाऊ दिलं.

मध्ये एकदा सुनीलचा चेहरा दिसला. तो आकड्याकडे बघत नव्हता, माझ्या पायांकडे बघत होता.

"बस," मॅडम म्हणाल्या. बोट पुढे केलं. एकोणनव्वद.

"पास," त्या म्हणाल्या, "टंच कैसा है, चाचाजी?"

म्हटलं, "करगोट्याला चालेल."

मॅडमनी सिलिंडर काढून टाकायला सांगितलं. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, औषध चुकवायचं नाही, धुरात जायचं नाही. भट्टी कायमची बंद. हे ऐकताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, त्याच्या निम्मंही वाटलं नाही. सुनीलने तिकीट काढलं, बघितलं आणि चार तुकडे केले. मग त्याने जे केलं ते त्याने आयुष्यात केलं नव्हतं. मला मराठीत उत्तर दिलं.

"राहा मग," तो म्हणाला. "पण फोन उचलायचा."

उच्चार त्याचा वाईटच आहे. पण मराठी होती. खुर्चीत बसलो. मॅडमना वाटलं दम लागला, चिमटा घेऊन धावल्या.

वर

सुनील दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने गेला. मी रिक्षा घाटाकडे न नेता आधी गोल दरवाज्याला नेली. तिथं हिवाळ्यात सकाळी मक्खन मलाई मिळते. दुधाचा फेस असतो, रात्रभर दवात ठेवलेला, वर केशर. तोंडात घातला की गेला. कमलला ती वेडासारखी आवडायची. मी बरोबर असलो की घेऊ द्यायचो नाही. मी तोलून बघणारा माणूस, त्या फेसाला वजनच नाही. म्हणायचो, "हवा विकतायत हे लोक." ती म्हणायची, "असू द्या, मला हवाच हवीय." ऊन तापायला लागलं होतं, मलाईवाला म्हणाला, आता दोन-चार दिवसच. मी दोन द्रोण घेतले.

घाटावर सजीवनने विचारलं, "ऊपर कि नीचे?"

"ऊपर," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं, सिलिंडर नाही हे बघितलं, द्रोण दोन आहेत हे बघितलं. वल्हं उलटं टेकवून नाव वळवली.

वर खरंच पाणी साफ आहे. लव्हाळ्यात पाणकोंबड्या. मी एक द्रोण खाल्ला, सावकाश, जिभेवर विरघळू देत. तिला इतकी का आवडायची ते कळलं. इतक्या वर्षांत एक चमचा खाऊन बघितला असता तर तेव्हाच कळलं असतं. स्मशानाच्या पायऱ्या आल्या. तिथं त्या वेळी कोणी नव्हतं, एक कुत्रं उन्हात पडलेलं. सजीवन म्हणाला, "रोकूँ?"

"रोक."

दुसरा द्रोण हातात होता. आता हा नदीत सोडायचा असं तुम्हाला वाटलं असेल. सजीवनलाही वाटलं असावं, त्याने हात जोडलेले. पण चांगली वस्तू पाण्यात टाकलेली कमलला कधी खपली नसती. "घे," मी म्हणालो, "फेस बसेल आता. माझ्या मालकिणीच्या वाटणीची आहे. आवडीने खा."

त्याने मफलरने हात पुसले आणि खाल्ली. सगळी, द्रोणाच्या कडेचं चाटून. मी तेवढ्यात पायऱ्या चढलो. एकवीस आहेत. वर जाऊन ज्या जागी तिला ठेवलं होतं तिथं थोडा वेळ उभा राहिलो आणि म्हणालो, "आलो गं. नावेतून आलो." उतरलो. नावेत बसलो. परत येताना झोप लागली.

संध्याकाळी फोन आला. "अण्णा, आज कहाँ तक गए?"

"वरपर्यंत."

 त्याला जागा ठाऊक होती. "सीढ़ियाँ चढ़े?"

"चढलो."

"नंबर कितना आया?"

मी खिशात हात घातला. चिमटा तिथंच होता, सकाळपासून.

"लावायचा राहिला," मी म्हणालो.